शेरा

भोसरीत, एस ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
जिथं नाल्यालाही कूलंटचा वास येतो,
तिथं तपासणीला गेलो. अकरा वाजता, बसने.
कार्यालयाची जीप दौऱ्यावर होती. कुणाच्या, ते विचारू नये.

फाइल टेबलावर तयार होती.
माझ्या आधी नेहमी फोन पोहोचतो.
शेजारी काजूची बशी, आणि एचआरचे पायगुडे :
"आमचं सगळं ऑनलाइन आहे, साहेब."

होतंच सगळं.
करार, नोंदणी क्रमांक, विद्यावेतनाच्या पावत्या.
शिकाऊ उमेदवार अकरा. व्यवसाय : जोडारी.
हा शब्द आता आमच्या कागदांतच उरलाय,
बाहेर सगळे फिटर म्हणतात.

रोजनिशी उघडली.
अकरा जणांचं अक्षर एक, पेन एक.
'आज काय शिकलो'च्या रकान्यात
सोमवारी सुरक्षितता, मंगळवारी सुरक्षितता,
रविवारीसुद्धा. कंपनी बंद असतानाही
पोरं सुरक्षित होती.

म्हटलं, भेटतो त्यांना.

प्रज्ञा खंडागळे, औंध आयटीआय, क्रमांक सात,
खोक्यांना चिकटपट्टी मारत होती.
काय शिकलीस?
तिनं पायगुड्यांकडं पाहिलं, मग पट्टीकडं.
"पॅकिंग, सर."
आणि?
"गाडी आली की लोडिंग."

कायद्यात एक वाक्य आहे,
चोवीस वर्षं मी ते लोकांना वाचून दाखवतोय :
उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे.
'नव्हे' एवढासा शब्द,
पण त्याच्यावर अख्खी शिफ्ट उभी राहते,
फंडाविना, बोनसविना.
'होय'कडं कुणी फिरकत नाही.

पायगुड्यांना फोन आला, ते बाहेर गेले.
तेवढ्यात तिनं डब्याच्या पिशवीतून
फडक्यात गुंडाळलेला लोखंडाचा तुकडा काढला.
"भंगारातला आहे सर, चोरीचा नाही.
सुटीनंतर गोवंडेकाका कानस देतात. वीस मिनिटं."

मीही जोडारीच. पिंपरीत उमेदवारी केली,
पहिले दोन महिने नुसती कानस,
फोडांवर फोड.
फोरमन गुण्या लावून तुकडा खिडकीकडं धरायचा.
फटीतून उजेड दिसला
की तुकडा भंगारात, आणि जेवायला उशीर.

तो गुण्या अजून माझ्या बॅगेत असतो.
तपासणी साहित्याच्या यादीत तो नाही.
लावला. छपरातल्या फायबरच्या चौकोनाकडं धरला.
एक बाजू. दुसरी.
तिसरीला, कोपऱ्याशी, केसाएवढा उजेड.
"कळतंय मला तिथलं," ती म्हणाली,
"पण वीस मिनिटं संपतात."

मग आवाज खाली घेऊन :
"तुम्ही नोटीस दिली की करार रद्द होतो ना, सर?
शेजारी झाला मागच्या वर्षी.
पोरं घरी बसली.
कंपनी चालू आहे."

छापील नमुन्यात शेऱ्याला जागा दोन ओळींची.
पायगुड्यांनी पेन पुढं केलं. निळं.
मी माझं काढलं.
लिहिलं : प्रशिक्षण दिले जात नाही. तीस दिवसांत खुलासा करावा.
ओळी संपल्या. मग समासात, आडवं :
क्र. सात हिला रोज चार तास व्हाइस आणि कानस मिळावी.
भंग उमेदवाराकडून नाही. करार चालू ठेवावा.

असं लिहायची तरतूद नाही.
समासातलं पोर्टलवर चढत नाही,
हे मला माहीत आहे. पायगुड्यांनाही असावं,
कारण त्यांनी वाचलं आणि काजू पुढं सरकवले.

नाशिक फाट्याला बॅग चाचपली तेव्हा लक्षात आलं,
गुण्या तिथंच राहिला.
विसरला की ठेवला,
याचा खुलासा कुणी मागितला
तर मला तीस दिवस पुरायचे नाहीत.